‘हिडन फिगर्स’ : गुणवत्ता होतीच, दार बंद होते



आरक्षणावर वाद सुरू झाला की हल्ली एक नवे उदाहरण फेकले जाते. अमेरिकेतल्या तीन कृष्णवर्णीय स्त्रिया नासात गेल्या, त्यांच्या गणितावर अंतराळयाने उडाली, त्यांना कुणी आरक्षण दिले होते का? मेहनत केली, पुढे गेल्या. मग तुम्हालाच कुबड्या कशाला? हा प्रश्न विचारणाऱ्यांनी ‘हिडन फिगर्स’ हा चित्रपट पाहिलेला असतो. पुस्तक मात्र वाचलेले नसते. आमच्या तरुणांनी ते वाचावे, विकत घेऊन वाचावे, अभ्यासिकेत चारचौघांत बसून वाचावे, म्हणून हा लेख.

मार्गॉट ली शेटर्ली या लेखिकेचे हे पुस्तक २०१६ साली आले. ती स्वतः व्हर्जिनिया राज्यातल्या हॅम्प्टन गावात वाढलेली कृष्णवर्णीय मुलगी. तिचे वडील तिथल्याच लँगली संशोधन केंद्रात शास्त्रज्ञ होते. लहानपणी शेजारपाजारी, चर्चमध्ये, शाळेत तिला ज्या काळ्या बाया दिसायच्या त्यातल्या कितीतरी गणिती नाहीतर इंजिनिअर होत्या. बाहेरच्या जगाला मात्र त्यांचे नावही माहीत नव्हते. २०१० पासून तिने शोध सुरू केला. जिवंत असलेल्या स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या, लँगलीचे जुने अंक चाळले, सरकारी कागद काढले, आणि दुसऱ्या महायुद्धापासून चांद्रमोहिमेच्या काळापर्यंतचा इतिहास उभा केला.

चित्रपट त्याच पुस्तकावर आहे, पण त्याची मुख्य कथा १९६१ मध्ये सुरू होते. पुस्तक सुरू होते १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात. मधली अठरा वर्षे गायब झाली. त्या स्त्रिया त्या इमारतीत शिरल्या कशा, हा प्रश्नच त्यामुळे प्रेक्षकाच्या मनात येत नाही. त्या जणू आधीपासून तिथे बसलेल्याच असतात. ‘मेरिट’वाल्यांना नेमके हेच हवे असते.

दार कुणी उघडले?

१९४१ साली अमेरिका अजून युद्धात उतरली नव्हती, पण युद्धसामग्रीचे कारखाने रात्रंदिवस चालू लागले होते. माणसे कमी पडत होती. तरीही काळ्या माणसाला त्या कारखान्यांत झाडू मारण्यापलीकडे काम मिळत नव्हते. त्या वेळी ए. फिलिप रँडॉल्फ पुढे आला. रेल्वेच्या झोपण्याच्या डब्यांत प्रवाशांची सेवा करणाऱ्या काळ्या नोकरांची युनियन त्याने बांधली होती. सामान उचलणाऱ्या, अंथरुणे घालणाऱ्या माणसांची युनियन! तिच्या बळावर त्याने राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टला इशारा दिला : संरक्षण उद्योगातला वर्णभेद बंद करा, नाहीतर १ जुलै १९४१ रोजी एक लाख काळी माणसे वॉशिंग्टनवर चालून येतील. रूझवेल्टने आधी समजूत घालून पाहिली. रँडॉल्फ हटला नाही. शेवटी २५ जून १९४१ रोजी, मोर्च्याला आठवडाही उरला नसताना, राष्ट्राध्यक्षाने आदेश क्रमांक ८८०२ काढला. संरक्षण उद्योगात आणि सरकारी नोकरभरतीत वंश, वर्ण, धर्म यावरून भेदभाव करायचा नाही, असा हा आदेश. त्यावर देखरेख ठेवायला एक समितीही नेमली.

या आदेशानंतर दोन वर्षांनी, १९४३ मध्ये, लँगलीच्या विमान संशोधन प्रयोगशाळेत कृष्णवर्णीय स्त्रियांची गणिती म्हणून भरती सुरू झाली. गोऱ्या स्त्रियांना हे काम तिथे १९३५ पासून मिळत होते. त्या काळी ‘कॉम्प्युटर’ म्हणजे यंत्र नव्हे, आकडेमोड करणारी माणसे. प्रचंड पंख्यांनी वारा सोडून विमानांची चाचणी व्हायची, तिच्या नोंदी या स्त्रियांकडे यायच्या. स्लाइड रूल आणि गणकयंत्रावर हिशोब करून, आलेख काढून त्या इंजिनिअरांना सांगायच्या की पंख कुठे वाकवायचा, कुठला भाग वाऱ्याला अडतो. लढाऊ आणि बॉम्बफेकी विमानांचे वेग याच हिशोबांवर ठरत होते.

आता गुणवत्तेचा प्रश्न घेऊ. पुस्तकातली पहिली नायिका डोरोथी वॉन. ती १९२९ साली, एकोणिसाव्या वर्षी, विल्बरफोर्स या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठातून पदवीधर झाली. लँगलीत ती लागली डिसेंबर १९४३ मध्ये. मधली चौदा वर्षे तिची बुद्धी कुठे गेली होती? कुठेच नाही. ती फार्मव्हिल गावच्या काळ्या मुलांच्या शाळेत गणित शिकवत होती. पगार इतका तुटपुंजा की १९४३ च्या उन्हाळी सुट्टीत ही गणिताची शिक्षिका कॅम्प पिकेट या लष्करी छावणीच्या धुलाईघरात सैनिकांचे कपडे धुण्याच्या कामावर गेली. लँगलीने तिला शिक्षिकेच्या पगाराच्या दुपटीहून जास्त पगार दिला. बाई तीच, गणित तेच. बदलला तो फक्त सरकारी आदेश.

मित्रांनो, हे पान दुमडून ठेवा. ‘गुणवत्ता असेल तर कुणी अडवत नाही’ असे कुणी म्हणाले की त्याला हे पान वाचून दाखवा.

वेगळे टेबल

आदेशाने दार उघडले म्हणून विटाळ संपला असे समजू नका. व्हर्जिनियात वंशभेदाचे कायदे चालू होते. काळ्या गणितींना प्रयोगशाळेच्या पश्चिम भागात वेगळ्या खोलीत बसवले. गोऱ्या स्त्रिया पूर्व भागात. स्वच्छतागृह वेगळे. उपाहारगृहात मागच्या बाजूला एक टेबल, त्यावर पुठ्ठ्याची पाटी : ‘कलर्ड कॉम्प्युटर्स’. त्यांनी केलेले गणित गोऱ्या इंजिनिअरला चालत होते, गोरा वैमानिक त्या गणिताच्या भरवशावर आकाशात जात होता. पण त्यांच्या शेजारी बसून जेवण चालत नव्हते. चवदार तळ्याचा इतिहास ज्यांना पाठ आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

या पाटीची गोष्ट चित्रपटात नाही, पुस्तकात आहे. मिरियम मान नावाची एक ठेंगणी बाई त्या टेबलावर जेवायला बसायची. एक दिवस तिने पाटी उचलली आणि पर्समध्ये टाकली. काही दिवसांनी नवी पाटी आली. तिने तीही उचलली. पुन्हा आली, पुन्हा उचलली. नवऱ्याला भीती होती की नोकरी जाईल. बाई थांबली नाही. अखेर एक दिवस पाटी यायची बंद झाली.

चित्रपटात काय दाखवले? एक गोरा साहेब हातोडा घेऊन येतो आणि स्वच्छतागृहावरची पाटी फोडून टाकतो. टाळ्या पडतात. असा साहेब नव्हता आणि असा हातोडाही नव्हता. काळ्या बाईने स्वतःच्या हाताने, नोकरी पणाला लावून केलेली कृती गोऱ्या माणसाच्या औदार्यात बदलली. आपल्याकडे हा खेळ आपण रोज पाहतो. बाबासाहेबांनी आणि हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुषांनी लढून घेतलेले हक्क कुणातरी थोर समाजसुधारकाच्या करुणेच्या खात्यावर जमा होतात. त्या माणसाची सहानुभूती खरी असेलही. पण पाटी कुणी उचलली, ते इतिहासात लिहायला नको का?

शेटर्लीला गोऱ्यांचा द्वेष नाही, हे मुद्दाम सांगतो. मदत करणाऱ्या गोऱ्या इंजिनिअरांची नावे ती आदराने घेते. मेरी जॅक्सन १९५१ मध्ये लँगलीत लागली. पूर्व भागात कामाला गेली असता तिने गोऱ्या बायांना स्वच्छतागृह कुठे म्हणून विचारले, तर त्या फिदीफिदी हसल्या. तिचे स्वच्छतागृह त्यांना कशाला ठाऊक असणार! संतापलेल्या मेरीने ही हकीगत कझिमिएर्झ झार्नेकी या इंजिनिअरला ऐकवली. त्याने तिला आपल्या विभागात घेतले आणि पुढे इंजिनिअर होण्याचा आग्रह धरला. पण त्यासाठीचे वर्ग भरत होते गोऱ्यांच्या हायस्कुलात. तिथे पाय ठेवायला मेरीला नगर प्रशासनाकडे खास परवानगी मागावी लागली. ती मिळवून आत गेल्यावर तिला काय दिसले? जुनाट, कळकट इमारत. काळ्यांना बाहेर ठेवण्यासाठी दोन-दोन शाळा चालवणाऱ्या गावाने आपल्या गोऱ्या मुलांनाही धड शाळा दिली नव्हती. जातिव्यवस्था सगळ्या देशालाच दरिद्री करते, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले. इथे ते वंशभेदाच्या रूपात दिसते.

शाळेचे महत्त्व

चित्रपटात न दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे या स्त्रियांच्या मागे उभी असलेली शाळा-महाविद्यालये. विल्बरफोर्स, हॅम्प्टन इन्स्टिट्यूट, वेस्ट व्हर्जिनिया स्टेट कॉलेज. ही सगळी कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठीची. गोऱ्या विद्यापीठांची दारे बंद असताना या संस्थांनी गणिताचे पदवीधर तयार करून ठेवले. १९४३ मध्ये दार किलकिले झाले तेव्हा आत शिरायला माणसे तयार होती. कॅथरीन जॉन्सन १९३७ साली अठराव्या वर्षी पदवीधर झाली. १९४० मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या पदव्युत्तर वर्गात पहिल्यांदा प्रवेश मिळालेल्या तीन काळ्या विद्यार्थ्यांत ती होती, आणि तो प्रवेशही सर्वोच्च न्यायालयाच्या १९३८ च्या एका निकालामुळे सुरू झालेला. म्हणजे तिथेही कायदाच आधी आला. हीच कॅथरीन १९५३ मध्ये लँगलीत आली, आणि १९६२ मध्ये जॉन ग्लेनने पृथ्वीप्रदक्षिणेला निघण्याआधी यंत्राचे आकडे तिच्याकडून तपासून घ्यायला लावले.

डोरोथीच्या फार्मव्हिलच्या शाळेचे पुढे काय झाले? १९५१ मध्ये तिथल्या मुलांनी पडक्या वर्गांविरुद्ध संप केला. पुढारी होती बार्बरा जॉन्स, वय वर्षे सोळा. हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि शाळांतला वंशभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालातल्या पाच खटल्यांपैकी एक ठरला. त्यावर गोऱ्या सत्ताधाऱ्यांनी काय केले? काळी मुले आपल्या मुलांशेजारी बसू नयेत म्हणून त्या काउंटीतल्या सगळ्या सरकारी शाळा १९५९ पासून पाच वर्षे बंद ठेवल्या. डोरोथीचे सहकारी अंतराळात माणूस पाठवायची आकडेमोड करत होते, आणि ती जिथे शिकवायची तिथल्या लेकरांना शाळा नव्हती. दोन्ही गोष्टी एकाच राज्यात, एकाच वेळी. मूठभरांचे यश दाखवून ‘भेदभाव संपला’ म्हणणाऱ्यांना याहून सणसणीत उत्तर नाही.

त्याच वर्षी आपल्याकडे

आता आपल्याकडे वळू, कारण रँडॉल्फचा डाव आपल्याकडेही एका माणसाने त्याच काळात टाकला होता.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. युद्धाला माणसे हवी होती. त्याआधी १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली होती. ऑक्टोबर १९४२ मध्ये बाबासाहेबांनी व्हाईसरॉयपुढे अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन ठेवले. ऑगस्ट १९४३ मध्ये केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखण्याचा आदेश निघाला. अमेरिकेत १९४१ आणि आपल्याकडे १९४३. दोन्हीकडे सरकार अडचणीत होते, दोन्हीकडे संघटित समाजाच्या नेत्याने ती अडचण ओळखली आणि हक्क कागदावर उतरवून घेतला. काळ्यांच्या लढ्याशी असलेले आपले नाते बाबासाहेबांना पक्के ठाऊक होते. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना स्वतः पत्र लिहिले होते.

आणि स्त्रिया? जुलै १९४२ मध्येच नागपूरला अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. हजारो बाया जमल्या. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, मुलींचे शिक्षण, आणि गिरण्या-कारखान्यांत राबणाऱ्या बायांना रजा व संरक्षण, असे ठराव त्यांनी केले. महायुद्ध पेटलेले असताना आपल्या आज्या, पणज्या कामगार म्हणून मागण्या मांडत होत्या. शाळेच्या पाठ्यपुस्तकात ही परिषद कुणाला भेटली आहे का?

यात एक अवघड पानही आहे, आणि ते आपण वगळू नये. कोळसा खाणींत स्त्रियांनी जमिनीखाली काम करण्यावर आधी बंदी आली होती. युद्धात कोळसा कमी पडला तेव्हा १९४३ मध्ये सरकारने ती उठवली. मजूरमंत्री बाबासाहेबच होते. या निर्णयावर टीका झाली, आणि ती सगळीच चुकीची नव्हती. खाणीत उतरणाऱ्या या बाया बहुतेक आदिवासी आणि अस्पृश्य जातींच्या होत्या. ८ फेब्रुवारी १९४४ रोजी केंद्रीय विधिमंडळात उत्तर देताना बाबासाहेबांनी हा उपाय आणीबाणीपुरता असल्याचे सांगितले, आणि समान कामाला स्त्री-पुरुष भेद न करता समान मजुरी हे तत्त्व पुढे ठेवले. खाणकामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभ कायद्यातली १९४३ ची दुरुस्तीही त्यांनीच मांडली. फेब्रुवारी १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली.

विरोधक हे प्रकरण उकरतील तेव्हा आपण लपवाछपवी करण्याचे कारण नाही. खाणीतला अंधार वाईटच होता. पण खाणीतून बाहेर काढलेल्या बाईच्या हाती दुसरे काय दिले, हाही प्रश्न विचारला पाहिजे. बंदी घालणाऱ्यांना तिच्या आरोग्याची काळजी होती, तिच्या चुलीची काळजी कुणी केली? लँगलीच्या स्त्रियांशी इथे तुलना करून पाहा. १९४६ मध्येच अमेरिकेतली ती देखरेख समितीही गुंडाळली गेली. पण डोरोथी वॉन घरी गेली नाही, कारण तिच्या हाती पदवी होती आणि सरकारी नोकरी होती. १९४९ मध्ये ती पश्चिम विभागाची प्रमुख झाली, त्या संस्थेतली पहिली कृष्णवर्णीय प्रमुख. खाणीतल्या बाईच्या हाती पदवी नव्हती, नोकरीची हमी नव्हती. युद्ध संपले, तिची गरज संपली. युद्धाने उघडलेले दार युद्धाबरोबर बंद होते. ते उघडे ठेवायला शिक्षण आणि कायदा दोन्ही लागतात.

पुस्तकाची मर्यादा

शिफारस करताना आंधळी भक्ती नको. हे पुस्तक शिकलेल्या स्त्रियांचे आहे. कॅम्प पिकेटच्या धुलाईघरात डोरोथीबरोबर राबलेल्या बाया काही पानांत येतात आणि निघून जातात. त्यांच्यासाठी आदेश क्रमांक ८८०२ ने काय बदलले? पुस्तक तिकडे फारसे वळत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिमानाचा सूरही मधूनमधून जास्त चढतो.

पण यशाची गोडगोड कथा मात्र शेटर्ली सांगत नाही, हे तिचे मोठेपण. १९५८ मध्ये नासा झाली, वेगळा पश्चिम विभाग बंद झाला, आणि डोरोथीचे प्रमुखपदही गेले. समता आली, पद गेले! तिने यंत्र-संगणकाची भाषा शिकून घेतली, इतरांना शिकवली, पण तसे पद तिला पुन्हा मिळाले नाही. मेरी जॅक्सन १९५८ मध्ये इंजिनिअर झाली. पुढे आपली बढती अडली आहे हे पाहून तिने १९७९ मध्ये खालची श्रेणी पत्करली आणि स्त्रियांच्या भरती-बढतीचे काम हाती घेतले. आज वॉशिंग्टनमधल्या नासाच्या मुख्यालयाला तिचे नाव आहे. शिकून मोठ्या पदावर गेल्यावर समाजाकडे पाठ फिरवणाऱ्या आपल्या बांधवांनी एवढा एक प्रसंग तरी वाचावा.

आता आपले काम

पुस्तकाची इंग्रजी भाषा फार अवघड नाही. जड वाटली तर याच पुस्तकाची लहान मुलांसाठीची आवृत्ती आहे, तिच्यापासून सुरुवात करा. एकाने वाचावे, बाकीच्यांना मराठीत सांगावे. रविवारी विहारात एक प्रकरण घेतले तरी काही महिन्यांत पुस्तक संपते. त्याच्या जोडीला ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे १९८९ चे ‘आम्हीही इतिहास घडवला’ वाचा. या दोघींनी गावोगाव फिरून, आंबेडकरी चळवळीत उतरलेल्या बायांना गाठून, त्यांच्या तोंडून इतिहास गोळा केला. शेटर्लीच्या वीस-पंचवीस वर्षे आधी.

पण वाचून थांबू नका. १९४३ मध्ये विशीत असलेल्या बाया आज जवळपास सगळ्या गेल्या. त्यांच्या मुली, सुना, नाती आहेत. गिरणीतली, बिडी कारखान्यातली, खाणीतली, दारूगोळ्याच्या कारखान्यातली आपली आजी किंवा पणजी युद्धाच्या काळात काय काम करत होती, किती मजुरी मिळायची, रेशन कसे मिळायचे, बाळंतपणात रजा मिळाली का, काम कधी आणि का सुटले, हे घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा. मोबाईलवर आवाज टिपून ठेवा. पेटीत जुना पास, पगाराची चिठ्ठी, युनियनची पावती, एखादा फोटो असेल तर जपा, त्यावर नाव, गाव, साल लिहा. शेटर्लीनेही असेच कपटे गोळा केले होते.

डोरोथी, मेरी, कॅथरीन, मिरियम यांची नावे आज जगाला ठाऊक झाली, कारण त्यांच्याच समाजातली एक मुलगी शोधायला बसली. आपल्या आज्यांची नावे शोधायला कुणी परका येणार नाही. ते काम आपले आहे, आणि त्याला आधीच फार उशीर झाला आहे.

जय भीम!